मागच्या सीटवरून बाइक निवडा

निपाणीचा माझा आतेभाऊ गेले चार महिने दर रविवारी रात्री फोन करतो. विषय एकच, मोठी बाइक. "दादा, झेड ९०० घेऊ, इंटरसेप्टर घेऊ, का ट्रायम्फ बघू? सांग की." पैसे जमलेत, घरातनं होकार मिळालाय, पोरगी आता आजीजवळ राहते. रविवारी नवरा-बायकोनं आंबोलीला नाहीतर चोर्ल्याला जायचं, दुपारचं जेवण बाहेर, दिवे लागायच्या आत घरी. गाडी कशाला हवी हे त्याचं पक्कं आहे. तरी बोलायला लागला की आधी पीएस, म्हणजे इंजिनाची अश्वशक्ती, निघतात, मग टॉप स्पीड, मग सायलेन्सरचा आवाज. बायको बसणार कुठं, हे चार महिन्यांत एकदाही निघालेलं नाही.

फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथं सलग लिहितो. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी आणि पलीकडचं चंदगड, या पट्ट्यात मोठी नेकेड बाइक घेऊन डबलसीट फिरायचं असेल तर माहितीपत्रकातले कुठले आकडे वाचायचे आणि कुठले सोडून द्यायचे, एवढाच विषय.

नेकेड म्हणजे पुढून-बाजूनं प्लास्टिकचं आवरण नसलेली गाडी. इंजिन, फ्रेम, रेडिएटर सगळं उघडं. हँडल स्पोर्ट बाइकपेक्षा उंच आणि रुंद, त्यामुळं पाठ फार वाकत नाही, वळणात गाडी चटकन झुकते आणि गावातल्या गर्दीतही आवरते. घाटाच्या रस्त्याला यापेक्षा मजेशीर गाडी नाही असं माझं मत आहे. पण ही सगळी मजा पुढं बसणाऱ्याची.

माझी पहिली मोठी बाइक नेकेडच होती, चार सिलिंडरची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष माझ्या निवडीचा होता. पहिल्याच रविवारी आम्ही दोघं बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं आंबोलीला निघालो. शिनोळी ओलांडली, चंदगडच्या अलीकडं चहाला थांबलो. बायको उतरली, हेल्मेट काढलं, बाकावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "येताना मी एस्टीनं येते." मला वाटलं चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती हे कळायला मला दोन महिने लागले. एका मित्राला गाडी चालवून बघायची होती, म्हणून मी मागं बसलो आणि आम्ही पिरनवाडीवरनं जांबोटीकडं निघालो. पहिल्या पाच मिनिटांत मला माझीच गाडी ओळखेना. मागचे फूटरेस्ट इतके वर की गुडघे जवळजवळ बरगड्यांना टेकलेले. सीट तळहाताएवढी, वर पुढच्या बाजूला उतरती. धरायला म्हणून मांडीखालून गेलेला एक पट्टा. तो धरायचा तर दोन्ही हात पोटाशी घेऊन जपमाळ ओढल्यासारखं बसावं लागतं. मित्रानं गिअर बदलला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर ठक्‌. ब्रेक दाबला की मी घसरत त्याच्या पाठीवर. मागची सीट उंच, त्यामुळं वारा थेट छाती-डोक्यावर. उजव्या पोटरीला सायलेन्सरची धग. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढचा खड्डा दिसत नाही. चालवणाऱ्याला तो दिसलेला असतो, त्याचं अंग आधीच सावरलेलं असतं. मागच्याला खड्डा कळतो तो कंबरेतून.

तो दणका मागच्याला जास्त का बसतो, हे कळलं की निम्मी निवड आपोआप होते. वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून खानापूर गाठलेल्याला हे वेगळं समजवायला नको. मागचं चाक खड्ड्यात जाऊन उसळतं तेव्हा दोन चाकांच्या मधोमध बसलेला साधारण निम्माच वर जातो, चाकाच्या वर बसलेला पूर्ण. चालवणारा मधल्या भागात असतो. नेकेड बाइकची शेपटी दिसायला छोटी आणि वर उचललेली ठेवतात, म्हणून मागचा माणूस थेट मागच्या आसावर, कधी त्याच्याही किंचित मागं जातो. वर तो उंचही बसतो. पुढचं चाक त्यामुळं हलकं होतं, हँडल सैल वाटतं आणि वळणात गाडी बाहेर बाहेर जाऊ बघते.

म्हणून दुकानात गेल्यावर पुढच्या सीटवर बसायच्या आधी मागची बघा. लांब आहे का, सपाट आहे का, पुढच्या सीटपेक्षा किती उंच आहे, फूटरेस्टपासून किती लांब आहे. रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० ची सीट एकसलग आणि बऱ्यापैकी सपाट आहे. कावासाकी झेड ९०० किंवा ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपलसारख्या गाड्यांत मागची सीट वेगळी, छोटी आणि उंच असते. यात कुणाची चूक नाही. त्या गाड्या एकट्यानं चालवायच्या हिशेबानंच आखलेल्या असतात, मागची सीट पाहुण्यांच्या चटईसारखी. पाहुणा तासभर बसणार असेल तर चालतं.

आपल्याकडं कायदाही मागच्या माणसाच्या बाजूनं आहे, हे फार जणांना माहीत नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणं मागं बसणाऱ्यासाठी धरायची कायमची मूठ, पाय ठेवायची सोय आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण द्यावं लागतं. ते तिसरं म्हणजे आपलं साडीगार्ड. दहा लाखांच्या गाडीलाही साडीगार्ड लागतं आणि मालक पहिल्याच आठवड्यात ते काढून माळ्यावर टाकतो. धरायची मूठ मात्र काढू नका. मूळ गाडीत फक्त पट्टा असेल तर त्या मॉडेलला दोन्ही बाजूंना धरता येणारा ग्रॅब रेल मिळतो का, हे गाडी ठरवायच्या आधी विचारा. काही मॉडेलना मिळतच नाही. मिळत नसेल तर, माझ्या मते, डबलसीटसाठी ती गाडी यादीतून काढून टाकावी.

आता शॉकअप. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लोक गाडी बदलतात ती शॉकअपची रिंग फिरवायची राहिली म्हणून.

गाडी कारखान्यातून येते ती साधारण एका माणसाच्या वजनाला लावून. मागं साठ किलोचा माणूस आणि दहा किलोचं सामान आलं की मागची बाजू बसते. मागची बसली की पुढची वर येते. हेडलाइट आभाळाकडं, हँडल सुस्त, आणि शॉकअपला दबायला जागाच उरत नाही, म्हणून हंपवर तो तळाला जाऊन आपटतो. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला ठाऊक आहे. त्यावर इलाज म्हणजे प्रीलोड. शॉकअपच्या स्प्रिंगवर एक रिंग असते, ती आकडीच्या पान्यानं फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची. काही गाड्यांना पान्याऐवजी हातानं फिरवायचा बटणासारखा गोळा असतो. डबलसीटवाल्यानं त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही, कारण शनिवारी एकट्यानं आणि रविवारी दोघांनी फिरणारा माणूस दर वेळी पाना घेऊन अंगणात बसत नाही.

एक गैरसमज मेस्त्री मंडळींतही आहे. प्रीलोड वाढवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तेवढीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते आणि दबायला जागा परत मिळते. प्रीलोड पूर्ण वाढवूनही गाडी बसत असेल तर ती स्प्रिंगच तुमच्या दोघांच्या वजनाला कमी आहे. मग कडक स्प्रिंग नाहीतर दुसरी गाडी.

हे मोजता येतं, अंदाज लागत नाही. मागच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत शिंप्याची टेप लावायची. पहिलं माप चाक अधांतरी असताना. एकानं गाडी साइड स्टँडवर कलती करायची, दुसऱ्यानं मागून उचलायची. मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर हे माप येत नाही, कारण तो स्टँड चाक धरणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्विंगआर्मला, उचलतो आणि गाडीचं वजन शॉकअपवर तसंच राहतं. दुसरं माप दोघं हेल्मेट-जॅकेटसकट बसल्यावर, तिसऱ्यानं घ्यायचं. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. रस्त्यावरच्या गाडीत तो तीस-चाळीस मिलिमीटरच्या आसपास असला की बरं. बहुतेक नेकेडमध्ये मागचं चाक एकूण १३०-१४० मिलिमीटर हलतं, त्यातला पाव ते तिसरा हिस्सा बसण्यात जावा, बाकी खड्ड्यांसाठी शिल्लक राहावा. आमच्या घरी हे माप घेताना माझी आई खुर्ची टाकून बघत बसली होती. तिला वाटलं गाडीला कपडे शिवायचेत.

हेडलाइटची गोष्ट आपल्या भागात गमतीची नाही. नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू झाली की संकेश्वर, चिक्कोडी, गोकाक, अथणी या सगळ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले, आणि उसाची टोकं बाजूनं हातभर बाहेर. गाडीची मागची बाजू बसली असेल तर तुमचा प्रकाश झाडांच्या शेंड्यावर जातो आणि ट्रॉली दिसते ती शेवटच्या वीस मीटरवर. प्रीलोड लावल्यावर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून, दोघं बसून, झोत कुठं पडतो ते बघा. खरं तर दिवे लागायच्या आत घरी येणं, हा आतेभावाचा बेत सगळ्यात शहाणपणाचा आहे.

इंजिनाचं गणित आता सोपं करून सांगतो. पॉवर आणि टॉर्क यांत लोक घोळ घालतात. टॉर्क म्हणजे पिळायचा जोर, लांब पान्यानं गंजलेला नट सोडवताना लागतो तो. पॉवर म्हणजे तो जोर किती भरभर लावता येतो. माहितीपत्रकात दोन्हींचे आकडे असतात, पण त्यांच्या पुढं लिहिलेला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, कुणी वाचत नाही. खरी माहिती तिथं असते.

उदाहरण घ्या. ट्रायम्फ ट्रायडेंट ६६० (२०२५ चं मॉडेल) तीन सिलिंडरची, ८१ पीएस. होंडा सीबी ६५० आर चार सिलिंडरची, ९५ पीएसच्या घरात. वाचणारा म्हणेल होंडा जोरकस. टॉर्क बघितला तर ट्रायडेंटचा ६४ न्यूटन मीटर, होंडाचा ६३. म्हणजे सारखाच. पण ट्रायडेंटला तो ६,२५० आरपीएमला मिळतो, होंडाला ९,५०० ला. आंबोलीचा घाट चढताना मागं माणूस आहे, समोर एसटी आहे, वळणातून बाहेर पडून ओव्हरटेक करायचंय. ट्रायडेंटवाला आहे त्या गिअरात मूठ पिळतो. होंडावाला एक-दोन गिअर खाली टाकतो, इंजिन ओरडायला लावतो आणि तोही तेवढ्याच वेगानं निघून जातो, कारण चार सिलिंडरच्या इंजिनाला वर फिरायला आवडतं. एकट्याला त्या ओरडण्याची नशा आहे, मी नाकारत नाही. पण प्रत्येक गिअरला मागं एक ठक्‌ आहे, हे मी जांबोटीच्या रस्त्यावर मोजलंय.

मग पीएस किती पुरेत? चालवणारा ७५ किलो, मागं ६० किलो, हेल्मेट-जॅकेट-पिशवी १० किलो, असे १४५ किलो धरू. ट्रायम्फचीच लहान स्पीड ४०० साधारण १७६ किलोची आणि ४० पीएसची. दोघांसकट टनाला १२५ पीएस पडतात. इंटरसेप्टर ४७ पीएस आणि २१० किलोच्या वर, तिला टनाला १३० च्या आसपास. ट्रायडेंट १९० किलो, तिला २४०. झेड ९०० सव्वाशे पीएस आणि २१२ किलो, तिला ३५०. तुलनेला एखादी साधी हॅचबॅक कार घ्या, दोघं बसून टनाला ऐंशीच्या आसपास. म्हणजे यातली सगळ्यात लहान बाइकसुद्धा घाटात कारला मागं टाकते. ३५० चा उपयोग डबलसीट माणसाला होत नाही. मागं बायको असताना ती मूठ पूर्ण पिळली तर पुढचं चाक उचलतं आणि घरी गेल्यावर आणखी बरंच काही उचललं जातं.

सिलिंडर किती असावेत हे स्वभावावर आहे, पण दोन गोष्टी सांगतो. एक सिलिंडरची गाडी हलकी, स्वस्त, तेल-चेनचा खर्च कमी. मात्र हायवेवर शंभरच्या आसपास तिची थरथर मागच्या फूटरेस्टमधून तळपायात येते आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत पाय बधिर. दोन सिलिंडरची इंजिनं हल्ली २७० अंशांच्या क्रँकची, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याची, येतात, इंटरसेप्टरही तशीच. दोन पिस्टन एकसारख्या अंतरानं पेटत नाहीत, धक-धक-थांब-धक असा ठेका येतो, आणि खालच्या आरपीएमला ओढ चांगली राहते. डबलसीटला मला दोन किंवा तीन सिलिंडर जास्त पटतात. चार सिलिंडरचं इंजिन मऊ चालतं, पण रुंद असतं आणि तापतं. एप्रिलच्या दुपारी बेळगावच्या काँग्रेस रोडवर वाहनं तुंबली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा मांड्यांवर. नेकेडला आडोसा नसतो, सगळी भट्टी आपल्याच अंगावर.

वजनाचा आकडा कागदावर फार बोलत नाही. चालत्या गाडीत दोनशे किलो कळत नाहीत. कळतात ते उभ्या गाडीत, उतारावर, खडीवर, मागचा माणूस चढताना. राजहंसगडाखाली मी एकदा गाडी उभी केली, जमीन डावीकडं उतरती होती, माझा पाय पूर्ण टेकत नव्हता. बायकोनं चढायला डावा पाय फूटरेस्टवर ठेवला, सगळा भार तिकडं गेला आणि आम्ही तिघं, म्हणजे ती, मी आणि गाडी, अगदी सावकाश आडवे झालो. लागलं काही नाही. गाडी उचलायला दोन कॉलेजची पोरं आली, ती अजून भेटली की हसतात. तेव्हापासूनचा नियम: मी दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक दाबून मान हलवली की तिनं चढायचं, तिनं खांद्यावर थाप मारली की मी निघायचं. सीटची उंची ८०० मिलिमीटर असो की ८३०, दुकानात बूट घालून, मागं माणूस बसवून बघा. मागं भार आला की शॉकअप दबतो आणि पाय जास्त टेकतो, पण तो माणूस चढत असतानाच्या दोन सेकंदांत ही सवलत नसते.

ब्रेकबद्दल थोडक्यात. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) सक्तीचं होऊन काही वर्षं झाली, तेव्हा ते असणारच. मागं माणूस असताना मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून एकट्यानं चालवताना नुसता शोभेचा वाटणारा मागचा ब्रेक आता खरंच काम करतो, वापरा. आणि तो आधी हलकेच लावला तर मागच्याला अंदाज येतो, पाठीवर आदळणं थांबतं. पावसाळ्यात चोर्ल्याला जाणार असाल तर ट्रॅक्शन कंट्रोलला, म्हणजे मूठ पिळल्यावर मागचं चाक घसरू न देणाऱ्या सोयीला, पैसे द्या. कणकुंबीच्या पुढं धुकं, शेवाळलेल्या कडा आणि ओला पाला असतो, तिथं चार सिलिंडरची शंभरावर पीएस मागच्या चाकाला एकदम भेटू नयेत.

टायरमधली हवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते, थंड टायरला. डबलसीटला वेगळा आकडा असेल तर तो पाळा. मोठ्या नेकेडला पुढं ३६ आणि मागं ४२ पीएसआय असे आकडे सर्रास दिसतात. पंपावरचा पोरगा ते ऐकून "एवढं कशाला, मागं ३० पुरे" म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढं शंभर सीसीची गाडी असते. स्वतःचं गेज घ्या. पुस्तकात आणखी एक आकडा असतो, गाडी जास्तीत जास्त किती भार वाहू शकते त्याचा. चालवणारा, मागचा, हेल्मेट, बॅगा सगळं धरून. गाडी मोठी म्हणजे हा आकडा मोठा असं मुळीच नाही. दोघंही अंगानं भरलेले असाल तर सगळ्यात आधी हाच बघा.

वाऱ्याचं एक गणित आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १२० ला गेलात तर वेग दीडपट, दाब सव्वादोन पट. नेकेडवर तो सगळा छातीवर येतो आणि मागचा उंच असल्यामुळं त्याच्या मानेवर. धारवाडकडं जाणाऱ्या ४८ नंबरच्या हायवेवर दोघांनी नव्वद-शंभरच्या पुढं फार वेळ जाववत नाही. हेल्मेट डुलायला लागतं, बोलणं बंद होतं. छोटी काच लावली तर चालवणाऱ्याला थोडा आराम मिळतो, मागच्याला क्वचितच. उलट कधीकधी काचेवरून उडालेला वारा नेमका त्याच्या तोंडावर जातो. म्हणून वर्षातनं चार वेळा बेंगळुरूला जायचं असेल तर सरळ काचवाली टुरिंग गाडी घ्या, नेकेडच्या वाट्याला जाऊ नका. नेकेडचं राज्य म्हणजे सुंडी, किटवाड, तिलारी, हिडकल, गोकाकचा धबधबा, दिवसभरात दोनशे-अडीचशे किलोमीटर.

सामानाला जागा नसते, हे घेतल्यावर लक्षात येतं. मागच्या सीटवर माणूस आहे, शेपटीवर रॅक नाही, उरली पेट्रोलची टाकी आणि दोन बाजू. चुंबकाची टँक बॅग घ्यायच्या आधी टाकी लोखंडी आहे का बघा, काहींवर प्लास्टिकचं आवरण असतं. बाजूच्या पिशव्या सायलेन्सरपासून लांब बांधा. सावंतवाडीच्या पाव्हण्यांसाठी नेलेला कुंदा मी उजव्या पिशवीत ठेवला होता. पोचेपर्यंत तो पुन्हा एकदा कढईत परतल्यासारखा झाला होता. पाव्हण्यांना आवडला, तो भाग वेगळा.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी उपकर धरून ३१ होता. ३५० पर्यंतच्यांचा मात्र २८ वरून १८ वर आला. त्यावर कर्नाटकात एक लाखाच्या वरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के. नऊ लाखांच्या गाडीला तो एक लाख बासष्ट हजार होतो, म्हणजे एक बरी सेकंडहँड गाडीच. म्हणून सीमाभागात प्रत्येकाला कुणीतरी कानात सांगतं, "कोल्हापूर पासिंग कर, मामाचा पत्ता दे," नाहीतर गोव्याचं पासिंग. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणं दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली तर इथली नोंदणी घ्यावी लागते, आणि कर भरावा लागतो. खरोखर शिनोळीला किंवा कागलला राहत असाल तर गोष्ट निराळी. बेळगावच्या टिळकवाडीत राहून कोल्हापूरची एमएच ०९ मिरवायची असेल तर चेकनाक्यावर वाद घालायची तयारी ठेवा. मला तरी रविवारची सकाळ त्यात घालवावीशी वाटत नाही.

विम्यात एकच बघा, मागं बसणाऱ्याला संरक्षण आहे का. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीवर विसंबू नका, पॅकेज पॉलिसी घ्या आणि पिलियन कव्हर कागदावर लिहून घ्या. सर्व्हिस सेंटर कुठं आहे तेही आधी विचारा. कोल्हापूर, हुबळी, गोवा का पुणे, यावर दर सर्व्हिसला अर्धा दिवस जाणार का दोन दिवस हे ठरतं. बेळगावातले मेस्त्री हाताचे पक्के आहेत, पण व्हॉल्व्हचं माप घेणं आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणं कंपनीच्या यंत्राशिवाय होत नाही.

एवढं सगळं ऐकून आतेभाऊ म्हणाला, "म्हणजे शेवटी कुठली?" मी म्हटलं, तुझी उंची, तिची उंची आणि तुमचे रस्ते बघता साडेसहाशे-सातशे सीसीची, दोन-तीन सिलिंडरची, सपाट सीटची. झेड ९०० मनातनं जात नसेल तर एकट्यासाठी घे आणि तिला तसं स्पष्ट सांग. आणि टेस्ट राइडला तिला घेऊन जा. दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर पाच मिनिटं नको. खराब रस्ता शोध, दोन हंप, एक चढ, अर्धा तास. मधे तूही मागं बस.

गेल्या शनिवारी दोघं कोल्हापूरला गेले. ती उभ्या गाडीवर मागं बसली आणि दुकानातल्या पोराला विचारलं, "धरायचं कुठं?" त्यानं पट्टा दाखवला. ती उतरली आणि दुसऱ्या गाडीकडं गेली. रविवारी रात्री आतेभावाचा फोन आला नाही. सोमवारी आला तो तिचा.

"भावजी, ते टेप लावून माप घ्यायचं म्हणता ते दुकानातल्या गाडीवर घेऊ देतील काय हो?"

मी म्हटलं, विचारून बघा. आणि टेप घरातलीच न्या, त्यांच्याकडं नसते.